नाशिकच्या शरणपूर रोडला ‘शरणपूर’ हे नाव देणारी शाळा, जिथली पोरं थेट आफ्रिकेच्या इतिहासात पोहोचली

चांदवडहून एसटीत बसलात की वडाळीभोई, पिंपळगाव, ओझर करत गाडी नाशकात शिरते. तिथून कॉलेज रोड किंवा कॅनडा कॉर्नरला जायचं म्हटलं की रिक्षावाला हमखास शरणपूर रोडने नेतो. दुकानं, दवाखाने, क्लासेस, कायम तुंबलेलं ट्रॅफिक. नाशिककरांच्या तोंडात हे नाव दिवसातून दहा वेळा येतं.

पण हे शरणपूर नेमकं कुठलं? कोण कोणाला शरण आलं होतं?

तर ‘शरण’ म्हणजे इथे हार मानणं नाही, आसरा घेणं. शरणपूर म्हणजे आसऱ्याचं गाव. आणि हा आसरा एकेकाळी ज्यांना मिळाला त्यांच्यात पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून नेलेली लहान लहान पोरं होती. गोदाकाठच्या नाशकात ती शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली आणि पुढे त्यांच्यातल्याच एकाने लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला हात लावला.

विषय जरा मोठाय, म्हणून सुरुवातीपासून बघू.

आधी हे गाव कसं वसलं?

धर्मसंस्थेने चालवलेली, मुलांना राहायला-जेवायला देणारी शाळा आपल्या भागाला नवीन नाही. चांदवडचंच बघा. तिथला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ पासून सुरू आहे आणि जिल्ह्यातल्या कितीतरी पिढ्या तिथे शिकल्या. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी नाशकात असं काम त्याच्या बरंच आधी सुरू केलं होतं.

लंडनमध्ये १७९९ साली चर्च मिशनरी सोसायटी नावाची संस्था निघाली. १८३० च्या दशकात तिचे लोक नाशकात पोहोचले. नाशिक म्हणजे तीर्थक्षेत्र, शास्त्री-पुरोहितांचं गाव. तिथे धर्म बदलणाऱ्याची अवस्था काय होत असेल, तुम्हीच विचार करा. घर सुटायचं, भावकी तोडायची, विहिरीवर पाणी मिळायचं नाही, कोणी कामावर ठेवायचं नाही.

मग या लोकांनी राहायचं कुठे आणि खायचं काय?

१८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने यावर तोडगा काढला. तेव्हाच्या नाशिक शहराच्या बाहेर, पश्चिमेला जमीन घेऊन त्याने एक स्वतंत्र ख्रिस्ती वस्ती उभी केली. तीत चर्च होतं, शाळा होती, अनाथ मुलांची सोय होती, शेती होती आणि हाताला काम देणारे कारखानेही होते. नुसता उपदेश करून पोट भरत नाही, हे प्राइसला पुरतं कळलं होतं. या वस्तीचं नाव ठेवलं शरणपूर.

मग आफ्रिकेची पोरं नाशकात आली कशी?

ब्रिटिशांनी १८०७ साली आपल्या साम्राज्यातला गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला. भारतात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला असलेली कायदेशीर मान्यता संपली. पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धंदा जोरात चालू होता. आतल्या गावांवर धाडी पडायच्या, माणसं साखळीत बांधून किनाऱ्यावर आणली जायची, झांजिबारच्या बाजारात विकली जायची आणि गलबतांत कोंबून अरबस्तान, इराणच्या आखाताकडे रवाना व्हायची.

ब्रिटिश आरमाराची जहाजं अशी गलबतं अडवायची. गुलाम सुटायचे. पण सुटलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला सोडायचं कुठे? गाव कुठलं हे त्याला धड सांगता येत नाही. आई-बाप जिवंत आहेत की नाहीत, माहीत नाही. परत त्याच किनाऱ्यावर उतरवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडला जाणार.

त्यामुळे यातली बरीच मुलं मुंबईला आणली जायची. कोणी मिशनच्या शाळेत जायचं, कोणी एखाद्या घरी कामाला, कोणी जहाजावर. मुंबईत आयझेनबर्ग नावाचा जर्मन मिशनरी अशा मुलांसाठी आश्रम चालवायचा. तो आधी इथिओपियात राहिलेला माणूस. १८६० च्या सुमारास हा आश्रम शरणपूरला हलवला गेला आणि ‘आफ्रिकन असायलम’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

इथे एक गल्लत व्हायची शक्यता आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला माहीत असतात, म्हणून ही मुलं त्यांच्यातलीच असं वाटू शकतं. तसं नाही. सिद्दी त्याच्या कितीतरी शतकं आधी इथे आले, इथे राज्य केलं, इथलेच झाले. शरणपूरची मुलं एकोणिसाव्या शतकात आली आणि त्यातली बहुतेक परतही गेली.

शाळेत काय शिकवायचे?

लिहिणं-वाचणं, इंग्रजी, हिशेब आणि बायबल. त्याच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम. मुलींना शिवणकाम आणि घरकाम. आजच्या भाषेत शाळा आणि आयटीआय एकाच आवारात.

मुलांचा बाप्तिस्मा व्हायचा आणि नवीन नावं मिळायची. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, सायमन प्राइस, कॅरस फॅरर. यातलं ‘प्राइस’ म्हणजे शरणपूर वसवणाऱ्याचं आडनाव आणि ‘फॅरर’ हे नाशकातल्या सुरुवातीच्या मिशनऱ्याचं. आई-बापाने ठेवलेली नावं मागे पडली आणि बहुतेकांच्या बाबतीत ती इतिहासाच्या कागदावर उरलीच नाहीत.

या शाळेकडे बघताना हा पेच टाळता येत नाही. गुलामगिरीतून सुटका खरी होती. अन्न, अक्षर आणि हातात कसब मिळालं, तेही खरं. पण कोणता धर्म, कोणतं नाव, पुढे कुठे जायचं, यातलं काहीच त्या मुलांना विचारून ठरलेलं नव्हतं. त्यांना आफ्रिकेत मिशनच्या कामासाठी तयार करायचं, हा हेतू हळूहळू पक्का होत गेला.

लिव्हिंगस्टन आणि ‘नाशिक बॉइज’

१८६५ साली प्रसिद्ध शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आला. त्याला नाईल नदीचा उगम शोधायला पुन्हा आफ्रिकेत जायचं होतं आणि भरवशाची माणसं हवी होती. शरणपूरच्या शाळेतले नऊ जण त्याच्याबरोबर निघाले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असाच येतो.

आता यात सगळं गोड-गोड घडलं असं नाही. ही पोरं कारागीर म्हणून तयार झालेली. जंगलात डोक्यावर ओझी वाहायची वेळ आली तेव्हा त्यांनी कुरकुर केली आणि लिव्हिंगस्टनने रोजनिशीत त्यांच्याबद्दल तक्रारी लिहिल्या. काही जण वाटेत सोडून गेले, एक जण आजारपणात वारला.

१८७२ साली लिव्हिंगस्टनसाठी दुसरी तुकडी गेली. तिच्यात शरणपूरचे सहा जण होते आणि त्यातलाच एक जेकब वेनराइट. जन्माने याओ जमातीचा, लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेलेला.

१ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. बरोबर साठेक माणसं होती. मृतदेह तिथेच पुरून निघून जाणं सोपं होतं. पण त्यांनी ठरवलं की मृतदेह त्याच्या माणसांपर्यंत पोहोचवायचा.

आणि इथे शरणपूरची शाळा कामी आली. सगळ्यांसमोर लिव्हिंगस्टनच्या पेट्या उघडल्या गेल्या आणि जेकबने एकेका वस्तूची यादी लिहून काढली. उद्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर ‘सामान चोरलं’ असा आळ आला तर हातात कागद हवा. साहेब मेलाय आणि आपला शब्द कोणी खरा मानेल याची खात्री नाही, अशा वेळी लिहिता येणाऱ्या माणसाची किंमत काय असते ते या यादीवरून कळतं.

लिव्हिंगस्टनचं हृदय एका झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. मृतदेह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि ही माणसं चालायला लागली. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सांगून पाहिलं की इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकलं नाही. सुमारे नऊ महिने आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले.

तिथून मृतदेहासोबत इंग्लंडला जायची संधी एकट्या जेकबला मिळाली. खर्च चर्च मिशनरी सोसायटीने केला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांमध्ये शरणपूरच्या शाळेचा हा विद्यार्थी होता.

सोशल मीडियावर या गोष्टीत चुमा आणि सुसी यांनाही ‘नाशिकचे’ म्हणून टाकलं जातं. मृतदेह आणण्यात त्या दोघांचा वाटा फार मोठा होता, पण ते शरणपूरचे विद्यार्थी नव्हते. चुमा काही काळ शिकला तो मुंबईत, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत. हे विल्सन म्हणजे ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज आहे तेच.

शाळा बंद पडली, पण काम तिकडे सुरू झालं

१८७३ साली झांजिबारच्या सुलतानाने ब्रिटिशांशी करार केला आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. या करारासाठी गेले होते सर बार्टल फ्रियर, मुंबईचे माजी गव्हर्नर. आता सुटलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वस्ती हवी होती. ती उभी करायला मिशनने कोणाला पाठवलं? शरणपूरच्याच प्राइसला. त्याच्या अंगाखालून हे काम गेलं होतं.

१८७५ मध्ये मोंबासाजवळ ‘फ्रियरटाउन’ वसलं. नाशिक-मुंबईहून सुमारे दीडशे आफ्रिकन तिकडे गेले आणि शरणपूरचा आफ्रिकन आश्रम संपला. तिकडे या लोकांना नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन’. ते शिक्षक झाले, दुभाषे झाले, सुतार-लोहार झाले.

त्यातलं एक नाव विल्यम जोन्स. तो आणि इश्माएल सेमलर दोघेही १८६४ पासूनच मोंबासाजवळच्या रबाई इथे काम करत होते. १८८५ मध्ये दोघांना चर्चची दीक्षा मिळाली. जोन्स रबाईचं केंद्र सांभाळत असताना मालकांकडून पळून आलेले गुलाम तिथे आसरा घ्यायचे. मालक चिडले, प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. शेवटी ब्रिटिश कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि १८८९ च्या सुरुवातीला सुमारे १,४०० जणांच्या हातात मुक्तीचे कागद पडले. लहानपणी शरणपूरने ज्याला आसरा दिला, त्याच्या दारात आता बाकीचे आसरा मागत होते.

पण बॉम्बे आफ्रिकनांना तिकडे मान सहज मिळाला नाही. गोऱ्या मिशनऱ्यांशी पगारावरून, वागणुकीवरून त्यांचे खटके उडत राहिले. शिकलेला, इंग्रजी बोलणारा, स्वतःचं मत असलेला आफ्रिकन माणूस शाळेने घडवला खरा, पण त्याला बरोबरीने वागवायची तयारी मिशनमधल्या अनेकांची नव्हती.

जेकब वेनराइटही युरोपातल्या प्रसिद्धीनंतर आफ्रिकेत परतला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र १९३५ पर्यंत जगला.

आज काय उरलंय?

जेकबने लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासाची डायरी लिहिली होती. तिची हस्तलिखित प्रत २०१९ मध्ये डिजिटल करून सगळ्यांसाठी ऑनलाइन खुली झाली. त्याने कोरलेल्या अक्षरांचा झाडाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे आहे. याच सोसायटीने २००७ मध्ये बॉम्बे आफ्रिकनांवर प्रदर्शनही भरवलं. मोंबासात फ्रियरटाउनची घंटा अजून उभी आहे. गुलाम पकडणाऱ्यांची गलबतं दिसली की ती वाजायची.

नाशकात सेंट अँड्र्यूज चर्च आहे, नाशिकचा जुना मराठी ख्रिस्ती समाज आहे आणि रस्त्याचं नाव आहे. नाशिक म्हटलं की आपण पंचवटी सांगतो, कुंभमेळा सांगतो, द्राक्षं सांगतो, अनंत कान्हेरे सांगतो. शरणपूरच्या शाळेची गोष्ट केनिया, झांबिया आणि इंग्लंडमध्ये सांगितली जाते, पण तिच्यापासून हाकेच्या अंतरावर क्लासला जाणाऱ्या मुलांना ती क्वचितच कोणी सांगतं.

पुढच्या वेळी शरणपूर रोडच्या सिग्नलला अडकलात तर शेजारी बसलेल्याला ही गोष्ट सांगा. सिग्नल तसाही लवकर सुटत नाही.