चालायला शिकवणारे यंत्र



लातूरच्या एका मंडळीतील तरुणांनी आम्हाला विचारले आहे की, लकवा झालेल्या माणसाला चालवणारा रोबो निघाला आहे, तर वर्गणी काढून तो किनवट-माहूरकडच्या आपल्या आदिवासी रुग्णांसाठी घेता येईल काय? मोबाइलवर त्यांनी त्याची चित्रफीत पाहिली होती. प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आपल्या खेड्यांत अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात. खरे पाहता वारे कुठलेच जात नाही. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी बंद होते किंवा फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. पाय जागच्या जागी धडधाकट असतो; त्याला ‘उचल’ म्हणणारा हुकूम तेवढा पोहोचत नाही. म्हणूनच नुसत्या तेलाच्या मालिशीने पाय चालू लागत नाही.

मग काही रुग्ण पुन्हा चालतात ते कसे? पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल वाहून गेला की गावकरी वरच्या अंगाने नवी वाट धरतात. पहिल्या दिवशी तिथे गवतच असते. माणसे रोज जाऊ-येऊ लागली की पायवाट पडते. मेंदूचा शाबूत भागही असाच नवी वाट पाडू शकतो, पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो, हजारो वेळा व्हावी लागते. अडचण इथेच आहे. ज्याला उभे राहता येत नाही त्याला चालवायचे तर एकाने कंबर धरायची, दुसऱ्याने पाय उचलून ठेवायचा, आणि दहा मिनिटांत दोघेही घामाघूम. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, लकव्याचे रुग्ण व्यायामाच्या एका बैठकीत सरासरी ३५७ पावलेच टाकतात असे दिसले.

रोबो नेमका इथे कामाला येतो. चित्रपटातल्यासारखा तो माणसाच्या आकाराचा नसतो. रुग्णाच्या छाती-कमरेला पट्ट्यांचे जाकीट बांधून त्याला वरून टांगतात, म्हणजे अंगाचे वजन निम्म्याने हलके होते. पायांखाली फिरता पट्टा. दोन्ही पायांना बाहेरून धातूचे सांधेदार पाय जोडलेले, त्यांच्या खुब्याशी आणि गुडघ्याशी मोटरी. यंत्र पाय उचलते, वाकवते, टेकवते. अर्ध्या तासात हजारावर पावले होतात. रुग्णाची ताकद वाढेल तसे फिजिओथेरपिस्ट यंत्राची मदत कमी करत नेतात. हे महत्त्वाचे आहे, कारण सगळेच यंत्र करू लागले तर मेंदू आळसावतो. कडेवरचे मूल चालायला शिकत नाही, तसेच.

स्वित्झर्लंडमधल्या होकोमा कंपनीचे ‘लोकोमॅट’ हे यंत्र या प्रकारात सर्वांत प्रसिद्ध. अशा परदेशी यंत्रांची किंमत कोटींत जाते. आपल्याकडे केरळमधल्या जेनरोबोटिक्स कंपनीने ‘जी-गेटर’ बनवले, आणि २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये ते बसवले गेले. (मॅनहोलमध्ये माणूस उतरू नये म्हणून ‘बँडिकूट’ हा रोबो करणारी कंपनी हीच.)

आता खरा प्रश्न: गुण किती येतो? जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर असे दिसते की, फिजिओथेरपीच्या जोडीने यंत्र वापरले तर आधाराशिवाय चालू लागणाऱ्यांचे प्रमाण वाढते. आणि सर्वाधिक फायदा होतो तो अजिबात चालता न येणाऱ्यांना, तोही पहिल्या तीन महिन्यांत. थोडेफार चालणाऱ्या रुग्णाला मात्र अनुभवी फिजिओथेरपिस्टचा हातच बरा, असे २००८ आणि २००९ च्या दोन अमेरिकन अभ्यासांत आढळले. २०११ मध्ये ४०८ रुग्णांवरच्या आणखी एका अभ्यासात, पट्ट्यावर टांगून माणसांच्या हातांनी चालवलेले रुग्ण आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन व्यायाम करून घेतलेले रुग्ण वर्षाअखेर सारखेच सुधारले.

हे वाचून ‘मग घरच्यांनाच व्यायाम शिकवू या’ असे आम्हालाही वाटले होते. पण भारतातच १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तसा प्रयोग झाला, आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नातेवाइकांना शिकवून सोडल्याने विशेष फरक पडला नाही. तेव्हा यंत्र असो वा नसो, शिकलेला माणूस रुग्णापर्यंत पुन:पुन्हा पोहोचलाच पाहिजे.

आपल्या भागात तो पोहोचत नाही. माहूर-किनवटच्या डोंगरातल्या कोलाम पोडावरून नांदेड सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पहिले तीन महिने मजुरी, मालिश आणि जडीबुटीत निघून जातात. रुग्ण आमच्यासमोर येतो तेव्हा गुडघा आखडलेला, टाच वर ओढलेली आणि पाठीला जखम झालेली असते. आखडलेल्या सांध्याला आणि जखमेवर पट्टे बांधता येत नसलेल्या अंगाला जगातला कुठलाही रोबो घेत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलावी, पाऊल घोट्याशी काटकोनात राहील असा उशीचा टेकू द्यावा, आणि लुळा हात धरून रुग्णाला कधीही ओढू नये. एवढे कोणालाही करता येते.

लातूरकरांना आणखी एक सांगायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंतींखाली सापडलेल्यांची आठवण तिथे अजून ताजी आहे. पाठीचा कणा मोडून त्यातली मज्जारज्जू पूर्ण तुटली असेल, तर रोबोवर पाय हलतात, पण रुग्ण खाली उतरल्यावर चालू लागत नाही. अशा घरी खोटी आशा नेणे क्रूरपणाचे आहे. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ च्या मोटार अपघातानंतर पुन्हा चालल्या नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि १९६६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने तिथे पुनर्वसन केंद्र उघडले. कणा मोडलेल्याला चांगली खुर्ची आणि दारात उतार, हीच पहिली गरज.

तरुणांना आम्ही कळवले आहे की यंत्र आत्ता नको. किनवटमध्ये बसवले तरी ते चालवणारा आणि दुरुस्त करणारा मिळणार नाही. त्याऐवजी रुग्ण आणि त्याच्या सोबतचा एक नातेवाईक यांना सहा आठवडे नांदेडात राहता येईल अशी खोली हवी, म्हणजे रोज फिजिओथेरपी मिळेल. नांदेडच्या मंडळीने खोली पाहायला सुरुवात केली आहे. ती तळमजल्यावर असावी आणि संडास कमोडचा असावा, एवढेच त्यांना सांगितले आहे.