पिशवीच्या ऑपरेशननंतर रक्तात काय बदलतं?

रामनवमीला पोहरादेवीत पाय ठेवायला जागा उरत नाही. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच आहे. चैत्र लागेपर्यंत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम बहुतेक आटोपलेला असतो, त्यामुळे ऊसतोडीला गेलेली तांड्यांवरची कुटुंबंही यात्रेला येतात. त्यांतल्या काही बायकांचं वय जेमतेम पस्तीस, पण गुडघे आणि कंबर साठीची. दुखणं कधीपासून, असं विचारलं की उत्तर येतं, ‘पिशवी काढली तेव्हापासून.’

ही तक्रार पुष्कळदा ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावली जाते. ती तशी उडवण्याजोगी नाही.

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहापैकी एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात हे प्रमाण साधारण तीन टक्के आहे. पाळीच्या दिवसांत काम चुकलं की खाडा पडतो, मुकादमाची उचल अंगावर असते, फडात ना संडास ना पाणी. अशात साध्या अंगावरून जाण्यावरही ‘काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला पटकन गळी उतरतो.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेनचा मुख्य झरा एका दिवसात आटतो. या संप्रेरकाला आपण पाळी आणि गर्भारपणापुरतंच ओळखतो. पण टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज या आपल्या रोगप्रतिकारक पेशींमध्येही इस्ट्रोजेनला धरणारे रिसेप्टर असतात. संप्रेरक रिसेप्टरला चिकटलं की ही जोडी केंद्रकात डीएनएवर बसते आणि कोणतं जनुक किती चालायचं ते बदलते. सायटोकाइनची जनुकंही त्यात आली. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले सांगावे: दाह वाढवा, दाह आवरा, प्रतिपिंडं तयार करा.

खरी गुंतागुंत मात्रेत आहे. पाळीच्या वयातली नेहमीची पातळी बी पेशींना चालना देते, प्रतिपिंडं जास्त बनतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फ्लूच्या लसीच्या अर्ध्या मात्रेवर स्त्रियांनी पुरुषांच्या पूर्ण मात्रेच्या तोडीची प्रतिपिंडं तयार केली होती. याच तल्लखपणाची किंमतही आहे: ल्युपसच्या दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ स्त्रिया असतात, अर्थात त्यात एक्स गुणसूत्राचाही हात आहे. गर्भारपणात इस्ट्रोजेन कितीतरी पटींनी चढतं, तेव्हा चित्र पालटतं. दाह पेटवणारं टीएनएफ दबतं, तो शमवणारं इंटरल्यूकिन-१० वाढतं. आमवाताच्या अनेक रुग्णांना गरोदरपणी आराम पडतो, हे अमेरिकेतल्या फिलिप हेंच यांनी १९३०च्या दशकातच टिपलं होतं. आराम देणाऱ्या त्या पदार्थाचा माग काढत ते कॉर्टिझोनपर्यंत पोहोचले आणि १९५० च्या नोबेलचे मानकरी ठरले.

आणि पातळी एकदम कोसळली तर? टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ वरचा लगाम सुटतो. हे सांगावे हाडं झिजवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या माद्यांची अंडाशयं काढली. साध्या माद्यांची हाडं विरळ झाली. टी पेशीच नसलेल्या माद्यांची झाली नाहीत. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. हाडं ठिसूळ होण्याचा दोष आपण कॅल्शियमच्या कमतरतेवर टाकून मोकळे होतो. इथे मात्र रोगप्रतिकारक यंत्रणेचा हात सरळ दिसतो.

डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईची प्रत्येक वेदना इस्ट्रोजेनमुळेच असते, असं नाही. कष्ट, रक्तक्षय, अपुरा आहार हेही आहेच. पण नैसर्गिक रजोनिवृत्ती आपल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळिशीच्या आसपास येते. ती तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी लादली, तर हाडांची एका तपाची राखण जाते. अंडाशयं ठेवली तरी पिशवी काढल्यावर ती लवकर थकण्याचा धोका असतोच.

बीडमध्ये या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आता सक्तीची आहे. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं, त्यांनी दवाखान्याचा डिस्चार्ज कागद जपून ठेवावा आणि त्यावर अंडाशयं काढली की ठेवली हे डॉक्टरांकडून वाचून घ्यावं. कमी वयात ती काढली असतील आणि स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली इस्ट्रोजेन बाहेरून देता येतं.