प्रौढांचे शिक्षण आणि पेढीची जबाबदारी

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अनेक पेढ्यांवरील जुने दिवाणजी एका रात्रीत अडाणी ठरले. रोजमेळ आणि खतावणी त्यांना मुखोद्गत होती. परंतु संगणकावरील विवरणपत्र आणि ई-वे बिल त्यांच्या हाताला परके होते. पन्नाशीतील अशा गृहस्थाचे उत्पन्न थांबते, तेव्हा घरखर्चाबरोबर घरातील त्याचा शब्दही उणावतो. दुकान बंद करावे लागलेला व्यापारी आणि पतीच्या निधनानंतर संसार सांभाळणारी भगिनी यांचीही अवस्था निराळी नसते.

अशा प्रौढांसाठी सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना उपयुक्त आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 मध्ये असे महाविद्यालय सुरू झाले. भारतात 1995 मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले पाऊल पडले आणि 2013 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आखली. स्थानिक गरजेनुसार, अल्प शुल्कात, कामाशी जोडलेले शिक्षण देणे हा तिचा गाभा आहे.

मात्र वर्ग भरवले म्हणजे रोजगार मिळतो, असे नाही. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, वेळ. संसारी माणसाला सकाळी दहाचा वर्ग परवडत नाही. रात्रीचे व सुट्टीच्या दिवसाचे वर्ग हवेत. अभ्यासक्रमाचे छोटे टप्पे हवेत आणि प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र नोंद हवी, म्हणजे आजारपणात किंवा लग्नसराईत खंड पडला तरी आधीचे श्रम वाया जाणार नाहीत. दुसरी, पूर्वज्ञानाची कदर. वीस वर्षे खतावणी लिहिलेल्यास जमा-नावे पुन्हा शिकवणे हा त्याचा अवमान आहे. त्याची परीक्षा घेऊन जेवढे उणे, तेवढेच शिकवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती आपल्या हाती आहे: रोजगार देणाऱ्याचा सहभाग. कोणते काम यावयास हवे, हे पेढीने आरंभीच सांगावे. शिकणाऱ्यास काही महिने प्रत्यक्ष काम द्यावे आणि त्याचा मोबदलाही द्यावा. ज्याच्या मागे नोकरी नाही ते प्रमाणपत्र म्हणजे न वटलेली हुंडी होय.

हा विचार समाजाला नवा नाही. दानवीर माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून विधवा भगिनींसाठी शिक्षणाची वाट उघडली. कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ या तत्त्वाने श्रम व विद्या यांची सांगड घातली.

आज साधर्मिकांना धान्य आणि औषधे देण्यात आपला समाज मागे नाही. ती मदत महिनाभर पुरते आणि घेणाऱ्याची मान पुढच्या महिन्यात पुन्हा झुकते. चार दानांमध्ये ज्ञानदानही सांगितले आहे. समाजाची सभागृहे कार्यप्रसंग वगळता रिकामीच असतात. तेथे रात्रीचे वर्ग भरू शकतात. गावातील दहा पेढ्यांनी वर्ग सुरू होण्यापूर्वीच प्रत्येकी एक जागा राखून ठेवली, तर दहा कुटुंबांना पुढे मदतीसाठी हात पसरावा लागणार नाही.