जुनी नोंदवही, नवा संगणक

मोडी कागदांचे रुमाल आजही बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर आढळतात. कागद शाबूत असतो, शाई फारशी फिकटलेली नसते, अक्षरही वळणदार असते. उणीव असते ती वाचणाराची. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारातून गेली आणि दोन पिढ्यांच्या आत घरचाच कागद घरच्यांना परका झाला. लेख नष्ट होणे निराळे आणि लेख व वाचक यांमधील दुवा तुटणे निराळे. हा भेद ज्याच्या ध्यानी आला, त्यास संगणकाच्या व्यवहारातील एका नित्याच्या अडचणीचे मर्म समजावयास वेळ लागणार नाही.

आपल्या मंडळांनी, ग्रंथालयांनी, पतपेढ्यांनी आणि शाळांनी वीसपंचवीस वर्षांपूर्वी आपल्या याद्या मोठ्या हौसेने संगणकावर उतरविल्या. सभासद, ग्रंथ, देणगीदार, विद्यार्थी यांच्या हजारो नोंदी कोष्टकरूपाने साठविणाऱ्या अशा संग्रहास डेटाबेस म्हणतात. पुढे जुने यंत्र थकते, नवे येते, जुनी फाईल नव्या यंत्रावर बिनबोभाट उतरते. आणि उघडावयास जावे तो पडद्यावर नकाराचा संदेश झळकतो. 'सारे गेले' असा निष्कर्ष येथेच घाईने काढला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा काहीच गेलेले नसते. गेलेला असतो तो दुभाषा.

या दुभाष्यासच ड्रायव्हर ही संज्ञा आहे. माहिती मागणारा प्रोग्रॅम एक भाषा बोलतो, फाईलची मांडणी दुसऱ्या भाषेत असते. दोहोंमध्ये उभा राहून मागणी पोचविणे आणि उत्तर आणून देणे हे ड्रायव्हरचे काम. प्रत्येक प्रोग्रॅमने प्रत्येक डेटाबेसची भाषा शिकत बसू नये, म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९२ साली 'ओडीबीसी' नावाची सामाईक पद्धती प्रसृत केली. ती आजही प्रचारात आहे. परंतु पद्धती एक राहिली तरी यंत्रांची घडण पालटली. पूर्वीचे प्रोग्रॅम ३२ बिटांच्या घडणीचे होते, आताचे पुष्कळसे ६४ बिटांचे असतात. २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली तर केवळ ६४ बिटांच्याच घडणीत निघाली. तिच्यावर ३२ बिटांचे जुने प्रोग्रॅम चालतात खरे. मात्र ६४ बिटांच्या प्रोग्रॅमला ३२ बिटांचा ड्रायव्हर आपल्या पोटात घेता येत नाही. मीटरगेजचा डबा कितीही धडधाकट असो, ब्रॉडगेजच्या रुळांवर तो धावत नाही, तसाच हा प्रकार.

या अडचणीचे स्वरूप आम्हांस आमच्या शहरातील मराठी ग्रंथालयात जवळून पाहावयास मिळाले. तेथील ग्रंथांची यादी २००१ साली 'अ‍ॅक्सेस' या प्रोग्रॅममध्ये तयार झाली होती. तीत ग्रंथनाम व ग्रंथकार यांच्याबरोबरच 'देणगीदार' असा एक रकाना होता. कोणत्या वाड्यातून, कोणाच्या स्मरणार्थ, कोणता ग्रंथ आला, हे त्यात लिहिलेले होते. मूळ कागदी वही पुढे वाळवीने खाल्ली, आणि तो रकाना तेवढ्या एका फाईलीतच उरला. नवा संगणक आला, त्यावर ६४ बिटांचे ऑफिस बसले, आणि एक्सेलमधून यादी मागविताच उत्तर आले की या नावाचा माहितीस्रोत सापडत नाही, ड्रायव्हरही नेमलेला नाही. जुनी यादी सोडून द्यावी आणि कपाटातील पुस्तके पाहून नवी करावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आला. ग्रंथांची नावे कपाटातून पुन्हा मिळाली असती. पण देणाऱ्यांची नावे कोणत्या कपाटातून मिळावयाची? पुष्कळ कुटुंबे शहर सोडून गेलेली, वाडे पडलेले. पाहुण्या प्रदेशात आपले पूर्वज काय वाचीत होते आणि वाचलेले समाजास कसे देऊन टाकीत होते, याचा तो एकमेव लेखी पुरावा होता.

मंडळातील एका तरुण अभियंत्याने आठवडाभराची मुदत मागून घेतली. त्याने अवलंबिलेला क्रम कोणत्याही संस्थेस उपयोगी पडेल असा असल्याने येथे देतो.

सर्वप्रथम त्याने मूळ फाईलीच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेविल्या आणि सारे प्रयोग प्रतीवरच केले. जुना संगणक भंगारात देण्याचेही त्याने थांबविले. नंतर त्याने पडद्यावरील संदेश अक्षरशः उतरवून घेतला; कारण नकाराचेही प्रकार असतात. 'ड्रायव्हर सापडत नाही' म्हणजे तो मुळात नाही, किंवा आहे तो दुसऱ्या घडणीचा. 'घडण जुळत नाही' म्हणजे ड्रायव्हर आहे, पण प्रोग्रॅम ६४ बिटांचा आणि तो ३२ बिटांचा, अथवा उलट. 'फाईलीचे स्वरूप ओळखता येत नाही' किंवा 'फाईल जुन्या आवृत्तीची आहे' म्हणजे ड्रायव्हर आणि फाईल यांच्या पिढ्या जुळत नाहीत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि बहुधा कोणी न विचारलेला: माहिती मागणारा प्रोग्रॅम किती बिटांचा? येथे यंत्राची घडण पाहून भागत नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर ओडीबीसीची व्यवस्था पाहणाऱ्या दोन स्वतंत्र खिडक्या असतात, एक ३२ बिटांची व एक ६४ बिटांची. गंमत अशी की ६४ बिटांची खिडकी 'सिस्टम ३२' नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि ३२ बिटांची 'सिसवॉव ६४' नावाच्या फोल्डरमध्ये! नावावर विसंबणारा नेमका चुकीच्या दारी जातो. आमच्या ग्रंथालयातही एका हौशी सभासदाने यादीची नोंद ३२ बिटांच्या खिडकीत केली होती, म्हणून पहिला संदेश जाऊन 'घडण जुळत नाही' हा दुसरा आला होता.

पूर्वीचा 'जेट' नावाचा अ‍ॅक्सेसचा दुभाषा ६४ बिटांत कधी निघालाच नाही. त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टने पुढे 'अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन' हा संच विनामूल्य दिला. तो दोन्ही घडणींत निघाला. ऑफिस ज्या घडणीचे, त्याच घडणीचा संच बसवावयाचा, हा नियम. तो पाळून यादीची नोंद ६४ बिटांच्या खिडकीत केली, आणि ओळींमागून ओळी पडद्यावर उतरू लागल्या. फाईल १९९७ च्या आवृत्तीची असती, तर मात्र आणखी एक पायरी लागली असती. कारण २०१३ पासूनचे अ‍ॅक्सेस ती उघडीत नाही. अशा वेळी २०१० किंवा त्याआधीच्या अ‍ॅक्सेसमध्ये तिचे रूपांतर करून घ्यावे लागते. फॉक्सप्रो वा डीबेसच्या काळातील 'डीबीएफ' फाईलींसाठी लिबरऑफिस हा विनामूल्य प्रोग्रॅम उपयोगी पडतो.

ओळी आल्या, पण त्या मराठीत नव्हत्या! पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होती. हा दोष ड्रायव्हरचा नव्हे. त्या काळचे अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. फाईलीत साठे रोमन, दिसे देवनागरी. तो फॉन्ट नसला की मूळचे सोंग उघडे पडे. देवनागरीस स्वतःची स्थाने देणारे युनिकोड १९९१ साली आले, तरी घरोघरच्या संगणकांत रुळावयास त्यास बराच अवधी लागला. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. रफार, ऱ्हस्व वेलांटी, 'दुसऱ्या'तील अर्धा र आणि जोडाक्षरे येथे घसरण होते. चार ज्येष्ठ सभासदांनी चष्मे सावरून प्रत्येक ओळ तपासली, तेव्हाच आडनावे आपल्या घरी परतली.

तज्ज्ञाच्या हातून काम झाले, म्हणजे संस्थेचे कर्तव्य संपत नाही. जी यादी एकाच प्रोग्रॅमला वाचता येते, ती पुन्हा अडकणारच. म्हणून मूळ डेटाबेसबरोबर तिची 'सीएसव्ही यूटीएफ-८' या साध्या मजकूर-स्वरूपातील एक प्रत ठेवावी. ती वाचावयास विशेष दुभाषा लागत नाही. यादी कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या फॉन्टमध्ये केली आणि तिचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे एका कागदावर लिहून तो कागद इतिवृत्ताच्या वहीत चिकटवावा. आणि जुने यंत्र काढण्यापूर्वी नव्या यंत्रावर यादी उघडून, चार नोंदी प्रत्यक्ष पडताळून पाहाव्यात.

दसऱ्यास आपण पाटीवर सरस्वती काढून तिचे पूजन करतो. त्याच दिवशी संस्थेच्या चिटणिसांनी आपल्या याद्या एकदा उघडून पाहाव्यात आणि त्यांची छापील प्रत काढून दप्तरी लावावी, अशी आमची वाचकांस नम्र सूचना आहे. अर्ध्या तासाचे काम आहे. न उघडणारी यादी त्याच दिवशी कळेल, आणि ती उघडून देणारे माणूस तोवर गावात असेल.