वीजवाहिनीची तार निवडताना

अमेरिकेतील ओहायो राज्यात १४ ऑगस्ट २००३ रोजी ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या, खालची झाडे वेळेवर न छाटल्याने, त्यांना टेकून एकामागोमाग बंद पडल्या. पुढे बिघाडांची साखळी वाढत गेली आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी नागरिक अंधारात बुडाले. तारेचा झोळ ही किती गंभीर बाब आहे, हे त्या दिवशी जगाला उमगले.

प्रवाह वाढला, की तार तापते, लांबते आणि खाली झुकते. जमिनीपासूनचे सुरक्षित अंतर संपले, की वाहिनीची क्षमताही संपते. उच्चदाब वाहिन्यांवर प्रामुख्याने पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनिअमचे पेड असलेली तार वापरली जाते. पोलाद ताण पेलते, तर ॲल्युमिनिअम वीज वाहून नेते. ही तार साधारणतः ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालविली जाते. त्याहून अधिक तापमानात ॲल्युमिनिअम हळूहळू मऊ पडून त्याची ताकद घटते.

प्रगत तारांमध्ये हा गाभाच बदलला जातो. सुमारे ३६ टक्के निकेल असलेला 'इन्व्हार' हा मिश्रधातू किंवा कार्बन तंतूंचा गाभा उष्णतेने फारच कमी प्रसरण पावतो. भोवतीचे ॲल्युमिनिअमही उष्णता सोसणारे असते. त्यामुळे अशी तार प्रकारानुसार १५० ते २१० अंशांपर्यंत चालते आणि जुन्याच मनोऱ्यांवरून दुपटीच्या आसपास प्रवाह नेता येतो.

मात्र, हा लाभ फुकट मिळत नाही. त्याच रोधाच्या तारेत प्रवाह दुप्पट झाल्यास वीजहानी चौपट होते. तारेची किंमत अधिक असते, कार्बनचा गाभा तीव्र वाकविल्यास तडकू शकतो आणि दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांतील उपकरणेही वाढीव प्रवाह पेलणारी लागतात. शिवाय, शेकडो किलोमीटरच्या वाहिनीवर उष्णतेपूर्वीच विद्युतदाब व स्थैर्याची मर्यादा आड येते. तेथे केवळ तार बदलून उपयोग होत नाही.

म्हणूनच, मुंबईसारख्या दाट वस्तीत, जेथे नव्या मनोऱ्यांना जागा मिळत नाही आणि अंतरही कमी असते, तेथे प्रगत तार किफायतशीर ठरते. मोकळ्या माळरानावर मात्र परंपरागत तारेची नवी वाहिनीच स्वस्त पडू शकते. वाहिनीला नेमके काय अडविते, हे आधी ठरवावे. तारेची निवड त्यानंतर.