प्रमाण गोंडीची शंभर वर्षं

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या यात्रेत ‘जय सेवा’ सगळ्यांच्या तोंडी एकच. पुढची गोंडी मात्र ज्याच्या त्याच्या मुलखाची. बालाघाटकडून आलेल्याच्या बोलण्यात हिंदी मिसळलेली, आदिलाबादकडच्याच्या बोलण्यात तेलुगू आणि आपल्या देवरी-सालेकशाकडे मराठी. राज्यांच्या सीमांनी वाटून घेतलेल्या या भाषेला एक प्रमाण रूप द्यायची खटपट शंभर वर्षांची आहे.

आधी लिपी आली. १९१८ साली शेजारच्या बालाघाटात मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र अक्षरं घडवली. ती युनिकोडमध्ये यायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात नागपूरचे मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून गोंडी भाषा आणि कोयापुनेम या गोंडी धर्मावर ग्रंथ लिहीत राहिले. कचारगडची यात्रा नावारूपाला आणण्यातही त्यांचा वाटा मोठा. (सिंधू लिपी गोंडीतून वाचल्याचा त्यांचा दावा मला पटत नाही, पण त्याने बाकीचं काम उणं होत नाही.)

शब्दांचा प्रश्न सामुदायिकपणे हाती घेतला गेला तो २०१४ पासून. शुभ्रांशु चौधरी यांच्या ‘सीजीनेट स्वर’ या लोकपत्रकारितेच्या मंचाने हंपीच्या कन्नड विद्यापीठाच्या साथीने निरनिराळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांना कार्यशाळांत एकत्र बसवलं. एकेका अर्थाचे मुलखोमुलखीचे शब्द समोर ठेवायचे, त्यातून प्रमाण शब्द ठरवायचा. २०१८ पर्यंत सुमारे ३,००० शब्दांचा कोश उभा राहिला.

मराठीने राज्यकारभारासाठी शब्द पाडले ते मुख्यतः संस्कृतच्या टांकसाळीत. त्यांतले कितीतरी फायलीबाहेर आलेच नाहीत. गोंडीची वाट मला अधिक शहाणपणाची वाटते. मराठीच्या दडपणाखाली इकडे पुसलेला शब्द बस्तरात अजून बोलला जात असेल, तर नवा घडवायचा कशाला? अर्थात, ज्याच्या गावचा शब्द गळला त्याला हा कोश परकाच वाटणार. ते परकेपण वापराशिवाय जात नाही आणि वापरायला शाळा लागते. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, तर तिच्यावर ‘अनधिकृत’ असा शिक्का बसला.

२०११ च्या जनगणनेत बोडोचे भाषक सुमारे १४.८ लाख, गोंडीचे २९.८ लाख. बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली. गोंडी अजून बाहेरच आहे.