‘धर्मादाय’ आणि सभागृहातील पियानो : एका संज्ञेचा अर्थविस्तार

गावातील रंगमंदिरास चांगला पियानो मिळवून द्यावा व तो सुस्थितीत राखावा, एवढ्याच हेतूने स्थापन झालेल्या धर्मादाय संस्था इंग्लंडमध्ये आढळतात. ‘धर्मादाय’ म्हटले की अन्नछत्र, धर्मशाळा, दवाखाना यांची आठवण होणाऱ्या मराठी वाचकास हे काहीसे चमत्कारिक वाटेल. पियानो ही तर श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू; तिच्यासाठी वर्गणी जमविणे हा दानधर्म कसा? या प्रश्नाचे उत्तर अंशतः त्या वाद्याच्या घडणीत आणि अंशतः ‘चॅरिटी’ या शब्दाच्या इतिहासात सापडते.

बहुतेक वादक आपले वाद्य बरोबर नेतात. पियानोवादकास ते साधत नाही. मोठ्या मैफलीचा पियानो सुमारे २७४ सेंटिमीटर लांब आणि सुमारे ४८० किलो वजनाचा असतो. त्यातील दोनशेहून अधिक तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो व तो पेलण्यास ओतीव लोखंडाची चौकट लागते. हवेतील आर्द्रता बदलली की लाकडी नादफलक फुगतो वा आकसतो आणि वाद्य बेसूर होते. हातोड्यांवरील नमदा वापराने दबून घट्ट होतो आणि नाद कर्कश होत जातो. म्हणजे वाद्य एकदा विकत घेऊन भागत नाही. ते मैफलीपूर्वी लावणारा जाणकार कारागीर लागतो आणि त्यासाठी कायमचा निधीही लागतो. व्लादिमीर होरोविट्झ यांनी १९८६ साली मॉस्कोस जाताना स्वतःचा पियानो नेला होता, पण अशी चैन एखाद्यालाच परवडते. इतरांना सभागृहात जे असेल त्यावरच वाजवावे लागते. २४ जानेवारी १९७५ रोजी कोलोनच्या ऑपेरागृहात कीथ जॅरेट यांच्या वाट्यास ठरल्याहून लहान आणि सदोष पियानो आला. त्याचे वरचे स्वर पातळ होते, पेडलेही नीट चालत नव्हती. जॅरेट यांनी बव्हंशी मधल्या सप्तकांचा आश्रय केला, आणि त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका जगप्रसिद्ध झाली. या कथेच्या आधारे वाईट वाद्याचेही समर्थन करणारे भेटतात. ज्यांच्या अंगी जॅरेट यांची प्रतिभा नाही त्या वादकांनी काय करावे, हे मात्र ते सांगत नाहीत.

मराठी संगीत रंगभूमीपुढे ही अडचण या रूपात उभी राहिली नाही. पेटी, तबला, तंबोरा हे साहित्य मंडळीच्या सामानातून हिंडत असे. ‘ऑर्गन’ हा शब्दही मराठीत चर्चमधील प्रचंड नलिकावाद्यास न चिकटता, पायाने भाता चालविण्याच्या, उचलून नेता येईल अशा पेटीस चिकटला.

आता शब्दाकडे वळू. इंग्लंडमधील १६०१ च्या अधिनियमाच्या प्रास्ताविकात धर्मादाय कार्यांची यादी आहे. तीत वृद्ध व दुर्बळ यांचे साहाय्य आहे, जखमी सैनिक आहेत, पाठशाळा आहेत. पूल व रस्ते यांची दुरुस्ती आणि गरीब मुलींची लग्नेही आहेत. संगीत नाही. १८९१ मध्ये पेम्सेल खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्म आणि समाजहिताची अन्य कार्ये असे चार वर्ग केले. संगीताचा शिरकाव झाला तो दुसऱ्या वर्गातून : १९४३ साली रॉयल कोरल सोसायटीच्या खटल्यात अभिरुचीचे संस्करण हेही शिक्षणच होय असे न्यायालयाने मानले, आणि १९५७ मध्ये डीलियस या रचनाकाराच्या संगीताच्या प्रसारासाठी केलेली विश्वस्तव्यवस्थाही ग्राह्य ठरली. कलांचा पुरस्कार हा स्वतंत्र हेतू म्हणून कायद्यात नमूद झाला तो २००६ साली. यादीतील नावे बदलली. पण लाभ जनतेचा हवा, मूठभर सभासदांचा नव्हे, ही अट टिकली. पियानो रंगमंदिराच्या मालकीचा न करता विश्वस्तांच्या हाती ठेवण्यात एक व्यावहारिक सोयही आहे : रंगमंदिर बंद पडले वा दुसऱ्याकडे गेले, तरी वाद्य त्याच्या देण्यापोटी विकले जात नाही.

मराठी शब्दाची वाटचाल याहून विलक्षण म्हणावी लागेल. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाणारा) दारिद्र्य वा विपत्ती यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य यांच्या जोडीस ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ हेतूही धर्मादाय मानतो. गावच्या नाट्यगृहातील वाद्याची सोय या शेवटच्या पदात सहज बसावी. निव्वळ धार्मिक शिक्षण वा पूजाअर्चा हा हेतू मात्र त्या व्याख्येतून वगळलेला आहे. अधिनियमाच्या मराठी नावातही ‘धर्म’ नाही, तेथे ‘विश्वस्त’ आहे, आणि अमरकोशात ‘विश्वस्ता’ हा ‘विधवा’ या शब्दाचा पर्याय आहे हे त्या नावाच्या कर्त्यांच्या मनात खचितच नसावे. या व्यवस्थांची नोंद ज्याच्याकडे होते तो अधिकारी मात्र आजही ‘धर्मादाय आयुक्त’च म्हणविला जातो.